बारा सोसायट्या, एक गल्ली: पुनर्विकासानंतर पाणी, मलवाहिनी आणि पावसाळी गटार पुरेल का, हे कसं मोजायचं?

गल्लीकर_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेतल्या एका गल्लीबद्दल विचारायचं आहे. गल्ली साधारण ३०० मीटर लांब, विकास आराखड्यात १२.२० मीटर रुंद, म्हणजे जुन्या भाषेत चाळीस फुटी. दोन्ही बाजूंना मिळून बारा सोसायट्या, सगळ्या तळमजला अधिक तीन. भूखंड सरासरी १,५०० चौ.मी., प्रत्येकीत ३२ सदनिका. दोघींची आयओडी (महापालिकेची पहिली, अटींसह मंजुरी) आली आहे, तिघींनी सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ च्या प्रक्रियेतून विकासक निवडला आहे, बाकीच्या सात पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमण्याच्या बेतात आहेत. आठ-दहा वर्षांत अख्खी गल्ली नवी होणार, असं धरून चालायला हरकत नाही.

अडचण अशी की जल अभियंता, मलनिस्सारण आणि पर्जन्य जलवाहिन्या ही खाती प्रत्येक प्रस्तावाला अभिप्राय देतात, पण तो त्या एका भूखंडापुरता. बारांची बेरीज कुठल्याच कागदावर नाही. आणि पावसाळा संपला की गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार आहे. एकदा काँक्रीट पडलं की खाली हात घालणं जवळजवळ अशक्य.

आज गल्लीत काय आहे ते असं: पाण्याची १५० मि.मी.ची वाहिनी, सकाळी तीन तास पुरवठा. मलवाहिनी २३० मि.मी., जुनी स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीची). पावसाचं गटार एकाच बाजूला, आतून ४५० मि.मी. रुंद आणि ६०० मि.मी. खोल, वर ढापे.

नवीन लोकसंख्येला हे पुरेल का, ते सामान्य माणसाला पडताळता येईल असा हिशेब हवा आहे. काय मागायचं, कुणाकडे आणि केव्हा? विकासकाच्या करारात काय लिहून घ्यायचं?

नकाशावाला

आधी किती माणसं येणार ते ठरवू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ प्रमाणे उपनगरात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १. त्यावर प्रीमियम भरून ०.५, आणि टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. १२ ते १८ मीटर रस्त्याला तो ०.७, म्हणजे एकूण २.२. तुमच्या भूखंडावर ३,३०० चौ.मी. सोसायट्यांच्या पुनर्विकासाला ३३(७)(ब) खाली जादा क्षेत्र मिळतं: अस्तित्वातल्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौ.मी., यातलं जे जास्त असेल ते. ३२ सदनिकांचे ३२० चौ.मी. झाले ३,६२०. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र. ढोबळमानाने ४,८८७ चौ.मी.

जुन्या ३२ सभासदांना बांधीव ७५ चौ.मी. प्रमाणे २,४०० गेले. उरलेल्या सुमारे २,४८७ मध्ये ७० चौ.मी.च्या ३५-३६ विक्रीच्या सदनिका बसतात. एकूण ६८ धरा. आजच्या ३२ च्या दुप्पट आणि थोडं वर.

गल्लीची बेरीज: आज ३८४ सदनिका, उद्या ८१६. दर सदनिकेत पाच माणसं धरली तर १,९२० चे ४,०८० होतात.

लोक इमारत किती मजली होणार यावर वाद घालत बसतात. मजले बाजूला ठेवा. हे दोन आकडे एका कागदावर लिहा, खाली बाराही सोसायट्यांच्या सचिवांच्या सह्या घ्या. खात्याच्या टेबलावर ठेवायला याहून वजनदार कागद नाही.

नळजोड

पाण्याचा हिशेब करून देतो. माणशी १३५ लिटर दिवसाला. आज १,९२० गुणिले १३५, म्हणजे २.५९ लाख लिटर. उद्या ५.५१ लाख.

आता यातली खरी गोम पुरवठ्याच्या तासांत आहे. हे पाणी चोवीस तासांत यायचं असतं तर गल्लीच्या तोंडाशी सरासरी सेकंदाला ६.४ लिटर लागले असते, गर्दीच्या वेळी तिप्पट म्हणजे १९. तेवढं तुमची आजची १५० ची वाहिनी सहज देते. पण पाणी येतं तीन तास. तेवढ्यात सगळ्या तळटाक्या भरायच्या, तर आज सेकंदाला २४ लिटर लागतात, उद्या ५१.

१५० मि.मी.च्या नळातून २४ लिटर जाताना दर १०० मीटरला साधारण २.२ मीटर (तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाइतका) दाब खर्च होतो. ५१ लिटर नेताना ८.८ मीटर. हे वाहिनी आतून बऱ्या स्थितीत आहे असं धरून. बिडाच्या जुन्या नळांत आतून गंजाच्या गाठी असतात, तिथे नुकसान याहून जास्त.

मग काय होतं? तोंडाशी असलेल्या दोन-तीन इमारती भरून घेतात, टोकाच्या इमारतींच्या टाक्या अर्ध्या राहतात. मग टोकाचे रहिवासी मुख्य वाहिनीवर थेट मोटर लावतात. मोटरने नळात उलटी ओढ तयार होते, आणि जिथे सांधा गळका आहे आणि शेजारून मलवाहिनी गेली आहे, तिथे घाण आत खेचली जाते. गढूळ, वास येणाऱ्या पाण्याच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ हेच असतं. म्हणून वाहिनीवर मोटर लावू द्यायची नाही, मग ती कुणाचीही असो.

उपाय वाहिनी मोठी करण्याचा. २०० मि.मी. केली की ५१ लिटरला नुकसान परत २.२ मीटरवर येतं, म्हणजे आजच्याइतकंच. २५० केली तर ०.७ मीटर. मागताना २५० मागा, २०० च्या खाली येऊ नका. खोदाई, भराव, रस्ता पुनर्भरणी हा खर्च दोन्हींत जवळपास तोच. फरक फक्त नळाच्या किमतीचा.

उतारपाहणी

मलवाहिनीबद्दल बहुतेकांचा समज असतो की लोक दुप्पट झाले म्हणजे नळ दुप्पट हवा. तसं नाही.

पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे माणशी १०८ लिटर. ४,०८० माणसांचं दिवसाला ४.४ लाख लिटर, सरासरी सेकंदाला ५.१. छोट्या वस्तीला गर्दीचा गुणक ३ घेतात, म्हणजे सकाळी सात-आठच्या सुमाराला १५.३ लिटर. २३० चा नळ २०० ला १ उतारात टाकलेला असेल तर तो पूर्ण भरून ३३ लिटर नेतो. निम्मा भरला तरी साडेसोळा. झालं, पुरतो.

पण उतार ५०० ला १ असेल तर तोच नळ पूर्ण भरून जेमतेम २१ लिटर नेतो, आणि वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास राहतो. मैला आणि वाळू तळाशी बसू नये म्हणून किमान ०.६ मीटर वेग लागतो. वेग तेवढा नसला की तळाला थर बसतो, नळ आतून निम्मा होतो, आणि कागदावर पुरणारी वाहिनी प्रत्यक्षात तुंबते. म्हणून तुमच्या गल्लीत पहिला प्रश्न उताराचा आहे. व्यासाचा नंतर.

उतार कसा काढायचा: गल्लीच्या दोन टोकांच्या मॅनहोलची तळपातळी हवी. ती वॉर्डच्या परिरक्षण किंवा मलनिस्सारण खात्याकडे नकाशात असते. नसेल तर खात्याच्या माणसांकडून झाकण उघडून, वरूनच पट्टी सोडून मोजून घ्यायची. दोन टोकांत ३०० मीटरवर दीड मीटर फरक असेल तर उतार २०० ला १. ६० सें.मी. असेल तर ५०० ला १. मॅनहोलमध्ये कुणालाही उतरवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आतल्या वायूने माणसं मेली आहेत, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस सफाईला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. नळाची आतली स्थिती बघायला कॅमेरा फिरवण्याची सोय असते, ती मागा.

दुसरी गोष्ट पावसाची. जुन्या इमारतींच्या गच्चीचे नळ कित्येकदा सरळ मलवाहिनीच्या चेंबरला जोडलेले असतात. तासाला ५० मि.मी. पाऊस आणि ६०० चौ.मी.ची गच्ची धरा. तीनच इमारतींचे नळ असे जोडलेले असतील तर सेकंदाला २५ लिटर आत येतात. अख्ख्या गल्लीचं उद्याचं गर्दीच्या वेळचं सांडपाणी १५ लिटर आहे, हे लक्षात घ्या. जुलैत तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं ते यामुळे. काँक्रीट पडायच्या आधी बाराही इमारतींच्या गच्चीच्या नळांत रंगीत पाणी ओतून ते कुठे निघतं ते बघा. खर्च फारसा नाही, एका सकाळचं काम आहे.

आता गटार. बारा भूखंड १८,००० चौ.मी. आणि रस्ता ३,६६०, मिळून २.१७ हेक्टर. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मि.मी. पावसासाठी आखलेले होते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांबद्दलच्या) अहवालाने तो मापदंड ५० वर नेला, पण काम जोरात लागलं ते २६ जुलै २००५ नंतर, जेव्हा सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पडला. ५० मि.मी. धरू.

आज आवारांत माती, झाडं, फरशांच्या फटी आहेत. पडलेल्यातलं ६० टक्के पाणी बाहेर येतं असं धरा. रस्त्यावरचं सगळंच येतं. झाले सेकंदाला २०० लिटर. उद्या कुंपणापासून कुंपणापर्यंत तळघर आणि वर पेव्हर ब्लॉक बसले की सगळंच बाहेर: ३०० लिटर. तुमचं ४५० बाय ६०० चं गटार ५०० ला १ उतारात, स्वच्छ असताना, काठोकाठ २४० लिटर नेतं. तळाला २० सें.मी. गाळ असला तर १४७.

म्हणजे आज ते स्वच्छ असेल तरच पुरतं. उद्या स्वच्छ असूनही पुरणार नाही.

पाइपगणित

नळजोड यांचा हिशेब बरोबर आहे, एकच दुरुस्ती. ८.८ मीटर प्रति १०० मीटर हे नुकसान गल्लीच्या तोंडाशी, जिथे पूर्ण ५१ लिटर वाहतात. पुढे प्रत्येक जोडणीला पाणी कमी होत जातं. जोडण्या सारख्या अंतरावर असतील तर ३०० मीटरचं एकूण नुकसान २६ मीटर नसून त्याच्या सुमारे एकतृतीयांश, म्हणजे ९.२ मीटर धरावं. आजचं त्याच रीतीने २.३ मीटर.

निष्कर्ष मात्र तोच राहतो. तोंडाशी १० मीटर दाब असेल तर आज टोकाच्या इमारतीला पावणेआठ मीटर पोचतो, उद्या जेमतेम पाऊण मीटर.

हे पडताळण्यासारखं आहे. ० ते ४ किलोचे दोन दाबमापक घ्या. पहिल्या आणि शेवटच्या सोसायटीच्या जोडणीवर, मीटरनंतर लगेच, प्लंबरकडून बसवा. सात दिवस पाणी असताना दर १५ मिनिटांनी दोन्ही आकडे एकाच वेळी वहीत उतरवा. १ किलो म्हणजे १० मीटर. दोघांतला फरक ०.२ ते ०.३ किलो आला तर वाहिनी ठीक आहे. आजच ०.५ च्या वर येत असेल तर ती आतून आवळली आहे किंवा कुठेतरी मोठी गळती आहे, आणि मग वाहिनी बदलायची मागणी पुनर्विकासाची वाट न बघताही रास्त ठरते.

पूर्वरंग_७

एक शंका. हे सगळं बघायचं काम महापालिकेचं नाही का? प्रीमियम, विकास शुल्क असे कोट्यवधी भरून घेतात ना? रहिवाशांनी नळाचे व्यास का मोजायचे?

नकाशावाला

काम त्यांचंच आहे, त्यात दुमत नाही. पण भरलेला प्रीमियम त्या गल्लीसाठी राखून ठेवला जात नाही, तो मोठ्या तिजोरीत जातो. आणि अभिप्राय देणाऱ्या अभियंत्यासमोर एकाच भूखंडाची फाईल असते. ६८ सदनिकांची इमारत एकटी बघितली तर १५० च्या वाहिनीवर ती सहज बसते. दुसरीही बसते. सहावी-सातवी येते तेव्हा वाहिनी संपलेली असते, आणि तोवर वर काँक्रीट असतं. पहिल्याला सगळं मिळतं आणि बारावा टँकरवर जगतो. म्हणून बेरीज रहिवाशांनीच पुढे ठेवायची. तुमच्याइतकं त्या गल्लीचं कुणालाच ठाऊक नाही.

आणखी एक. वाहिनी मोठी केली म्हणून शहरात पाणी वाढत नाही. मुंबई सात तलावांवर जगते, त्यांची एकूण साठवण १४.४७ लाख दशलक्ष लिटर, आणि शेवटचं धरण, मध्य वैतरणा, २०१४ चं. तुमच्या गल्लीत जास्त पाणी आलं तर ते कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीतून कमी होतं. म्हणून मोठ्या वाहिनीबरोबर मागणी कमी करणंही हातात घ्यायला हवं. नाहीतर हाच प्रश्न आपण शेजारच्या गल्लीत ढकलला, एवढंच होईल.

नळजोड

मान्य. ते कमी करायला सगळ्यात मोठी जागा फ्लशमध्ये आहे. १३५ पैकी ४५ लिटर संडासात जातात. ते पुनर्वापराच्या पाण्यातून आले तर नळाचं पाणी माणशी ९० वर येतं, तीन तासांतली गरज ५१ वरून ३४ लिटरवर, आणि १५० च्या वाहिनीतलंसुद्धा नुकसान निम्म्याच्या खाली.

एका इमारतीला फ्लशसाठी दिवसाला १५,३०० लिटर लागतात. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी त्याहून जास्त निघतं. म्हणजे संडासाचं पाणी शुद्ध करत बसायची गरज नाही. फक्त न्हाणीघरं आणि धुण्याच्या जागेचं पाणी वेगळ्या उभ्या नळाने खाली आणा, १५-१६ हजार लिटरचं छोटं संयंत्र पुरतं. स्वयंपाकघराचं पाणी त्यात घेऊ नका. तेलकट असतं, संयंत्रात जिवाणू ज्यावर वाढतात त्या माध्यमावर थर धरतं.

अट एकच: वेगळे उभे नळ आणि फ्लशच्या टाक्यांना वेगळी वाहिनी हे प्लंबिंगच्या नकाशातच यायला हवं. स्लॅब पडल्यावर कुणीही हे करत नाही. फ्लशची वाहिनी वेगळ्या रंगाची घ्या. नाहीतर पाच वर्षांनी कुणी तरी वॉश बेसिनचा नळ तिला जोडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशी संयंत्रं बंद का पडतात, तेही लिहितो. पहिलं वर्ष निम्मी घरं रिकामी असतात, पाणी कमी येतं, जिवाणू उपाशी मरतात. म्हणून दोन समांतर टाक्या हव्यात, सुरुवातीला एकच चालवायची. दुसरं, विजेचं बिल वाचवायला रात्री ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवतात, आणि सकाळपर्यंत पाणी कुजून वास येतो. मग रहिवासीच सांगतात, बंद करा. तिसरं, गाळ काढायचं कंत्राट कुणी दिलेलंच नसतं. ओसीनंतर (इमारत वापरायच्या परवान्यानंतर) तीन वर्षं चालवून द्यायची जबाबदारी विकासकावर टाका आणि तिच्यासाठी बँक हमी घ्या.

माती_आणि_मूळ

गटाराच्या हिशेबात भर घालते. उतारपाहणी यांचे २०० आणि ३०० लिटर यांतला १०० चा फरक भूखंडाच्या आतच थोपवता येतो. १,५०० चौ.मी., तासाला ५० मि.मी., जादा बाहेर पडणारं ४० टक्के: एका तासाचे ३० घनमीटर. म्हणजे ५ मीटर बाय ४ मीटर, दीड मीटर खोल टाकी. पुनर्विकासाच्या बांधकामात ही फार छोटी गोष्ट आहे.

पण ही टाकी साठवणीची नाही, थोपवणीची. पाऊस यायच्या आधी ती रिकामी असायला हवी. तळाशी ७० मि.मी.चं भोक ठेवलं तर भरलेली असताना तिच्यातून सेकंदाला साधारण साडेबारा लिटर बाहेर पडतात, म्हणजे आज त्या आवारातून जेवढं निघतं तेवढंच, आणि ती ८० मिनिटांत रिकामी होते. भोकापुढे जाळी हवी आणि जाळीपर्यंत हात पोचला पाहिजे. वेफरच्या एका पिशवीने भोक बंद होतं. टाकीचा तळ गटाराच्या तळापेक्षा वर हवा, नाहीतर पंप लागेल, आणि मोठ्या पावसात वीज जाते.

बाहेरची बाजूही बघा. मुलुंड पूर्वेचं पाणी ठाणे खाडीकडे जातं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले तर खाडीच्या तोंडाशी पाणी पुढे सरकत नाही, गटारं भरलेलीच राहतात. तेव्हा नुसतं गटार रुंद करून भागत नाही. भरती उतरेपर्यंत पाणी धरून ठेवायला जागा लागते. दादरजवळच्या सखल हिंदमाता भागाचं पाणी थोपवायला परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या त्या याच कारणाने.

आता नेहमी होणारी चूक. नवी इमारत आपलं आवार रस्त्यापेक्षा दोन-तीन फूट उंच करते. तिच्यापुरतं ते सुरक्षित, पण सगळं पाणी शेजारच्या जुन्या सोसायटीत. दुसरी त्याहून उंच करते. शेवटी जी सोसायटी सगळ्यात उशिरा पुनर्विकासाला जाते ती वाटीच्या तळाशी बसते, सात-आठ पावसाळे. बाराही सोसायट्यांनी मिळून आवाराची एकच पातळी ठरवा, रस्त्याच्या मध्यापासून किती उंच ते आकड्यात, आणि प्रत्येक करारात तोच आकडा. इमारतीचा जोता वर घ्यायला हरकत नाही, आवार नको. आणि काँक्रीट करताना रस्त्याचीही पातळी वाढू द्यायची नाही. जुना थर खरवडून काढला का ते समोर उभं राहून बघा.

पाणी जमिनीत मुरवण्याबद्दल. शोषखड्डे सरसकट चालत नाहीत. खाली काळा कातळ लागला किंवा खाडीकडचा भराव असला तर खड्डा जुलैत वरपर्यंत भरलेला राहतो. आधी चाचणी घ्या: फूटभर रुंद, चार फूट खोल खड्डा, पाण्याने भरून तासाभरात किती उतरलं ते बघा, आणि हे ऑगस्टमध्ये, मे महिन्यात नव्हे. उतरत नसेल तर गच्चीचं पाणी सरळ फ्लशला वापरा. मुंबईत चार महिन्यांत सुमारे २,३०० मि.मी. पडतो, ६०० चौ.मी. गच्चीवरून पावणेबारा लाख लिटर हाताला लागतात. फ्लशची त्या चार महिन्यांची गरज सुमारे १८ लाख. म्हणजे तीन दिवसांची, ४५,००० लिटरची टाकी पुरे. वर्षभर पुरेल अशी मोठी टाकी बांधून घेण्यात पैसा घालू नका.

आणि झाडं. तळघर कुंपणाला भिडवू देऊ नका. खोडाच्या जाडीच्या बारा पट अंतरापर्यंत मुळांना जागा लागते. एक फूट जाडीच्या झाडाला बारा फूट. तळघराच्या स्लॅबवर दीड फूट माती टाकून लावलेला गुलमोहर पाचव्या पावसाळ्यात कलंडतो, कारण त्याला धरायला खाली काहीच नसतं. कुंपणालगतची एक पट्टी खाली कातळापर्यंत मोकळी सोडायला सांगा. तीच माती पाणी पिते, तीच झाड धरते. कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड आता वारसा वृक्ष आहे, आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. सत्तरच्या दशकातल्या सोसायट्यांमधली बरीच झाडं या वयात आली आहेत. आधी मोजणी करून फोटोंसकट नोंद ठेवा. कुंपणाची भिंत पाडल्यावर कुठलं झाड कुठे होतं हे कुणालाच आठवत नाही.

गल्लीकर_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. खात्याकडून तळपातळ्या मिळाल्या: दोन टोकांत ७० सें.मी. फरक. म्हणजे उतार ४३० ला १ च्या आसपास, बरोबर? आणि दोन सोसायट्या विचारतात की चार भूखंड एकत्र करून ३३(९) खाली क्लस्टर केलं तर हे प्रश्न सुटतील का?

उतारपाहणी

बरोबर. ४३० ला १ ला वाहिनी भरून सेकंदाला २३ लिटर नेईल, वेग ०.५५ मीटर. १५.३ लिटरची गरज बसते, पण स्वतःहून स्वच्छ राहणार नाही. दोन गोष्टी मागा: पावसाळ्याआधी आणि नंतर यंत्राने सफाई, आणि काँक्रीट पडायच्या आधी कॅमेरा. कॅमेऱ्यात तडे, निखळलेले सांधे किंवा आत घुसलेली मुळं दिसली तर तेवढे तुकडे आत्ताच बदलून घ्या. पुढच्या मोठ्या वाहिनीची पातळी खाली असेल तर उतार थोडा वाढवूनही घेता येतो, तेही विचारा.

नकाशावाला

क्लस्टरला उपनगरात किमान ६,००० चौ.मी. लागतात, तुमचे चार भूखंड नेमके तेवढे होतात. मोजणीत पाच चौ.मी. कमी भरले तर सगळं अडतं, म्हणून आधी मालमत्ता पत्रक आणि प्रत्यक्ष मोजणी जुळवा. रस्त्याच्या रुंदीची अटही तपासा.

फायदे खरे आहेत. चार रॅम्पऐवजी एक, चार छोट्या संयंत्रांऐवजी एक नीट चालणारं, आणि मधली कुंपणं गेल्यामुळे एक सलग मोकळी जागा. अग्निशमनाच्या गाडीला सहा मीटर मोकळी वाट आणि नऊ मीटर वळण लागतं, ते १,५०० च्या भूखंडावर बसवताना आवारातली शेवटची माती जाते. ६,००० वर ती उरते. पण क्लस्टरला एफएसआय ४ आहे. म्हणजे माणसं जास्त, आणि वर केलेले सगळे आकडे त्या चार भूखंडांपुरते पुन्हा वर जातात. क्लस्टर घ्यायचं तर वाहिनी २५० चीच, यात तडजोड नाही.

पार्किंगचं थोडक्यात: ४५ ते ६० चौ.मी. चटईक्षेत्राच्या दोन सदनिकांमागे एक गाडी, ६० ते ९० ला प्रत्येकी एक. तुमच्या मिश्रणात इमारतीमागे पन्नासेक, गल्लीत सहाशेच्या वर. रस्त्याच्या एका बाजूचं पार्किंग आत्ताच बंद करून घ्या. सहाशे गाड्या आल्यावर ते कुणाच्याच हातात राहणार नाही.

आता क्रम. काँक्रीटचा ठेकेदार खड्डा मारायच्या आधी बारा सोसायट्यांचं एक पत्र वॉर्डच्या सहायक आयुक्तांना, प्रती जल अभियंता, मलनिस्सारण, पर्जन्य जलवाहिन्या आणि रस्ते या चार खात्यांना. सोबत पाच कागद: सदनिका आणि माणसांची बेरीज, सात दिवसांची दाबाची वही, मलवाहिनीच्या तळपातळ्या, गच्चीच्या नळांच्या चाचणीचा तक्ता, गटाराचं माप आणि गाळाची खोली. मागणी तीन ओळींत: पाण्याची वाहिनी २५०, मलवाहिनीची कॅमेऱ्याने तपासणी आणि दुरुस्ती, आणि काँक्रीटखालून दर ५० मीटरला रस्ता ओलांडणारे रिकामे नळ, म्हणजे पुढे केबल किंवा जोडणी टाकायला रस्ता फोडावा लागणार नाही. पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: या रस्त्याखालच्या सेवावाहिन्यांची क्षमता काँक्रीटीकरणापूर्वी तपासली का, तपासली असल्यास टिपणीची प्रत द्यावी. तीस दिवसांची मुदत आहे, तेव्हा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे.

ज्या दोघींचं आयओडी आलं आहे त्यांचं प्लंबिंग अजून नकाशातच असेल. त्यांच्या विकासकांना वेगळे उभे नळ, ३० घनमीटरची थोपवणी टाकी आणि आवाराची ठरलेली पातळी हे पूरक करारात घालायला या आठवड्यातच सांगा. सीसी (बांधकाम सुरू करायचा परवाना) मिळून खोदाई सुरू झाली की टाकीची जागा जाते.

पाइपगणित

दाबाची वही भरायला सुरुवात केलीत की पहिले दोन दिवसांचे आकडे इथे टाका. मापक चुकीच्या जागी बसला असेल तर लगेच कळेल: पाणी बंद असताना काटा शून्यावर आला नाही, तर तो आधी बदलून घ्या.